पहिल्या स्कूबासाठी जागा निवडताना : आधी महिना, मग पाणी, मग नाव

माझा पहिला स्कूबा मालवणला, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी. रात्री किनाऱ्यावर दूध पिऊन झालं, सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे बोटीतून पाण्यात उतरलो. पंधरा मिनिटांत काय पाहिलं? हिरवा गढूळ पडदा, इन्स्ट्रक्टरच्या पायातला पिवळा फिन आणि स्वतःचा हात, तोही कोपरापर्यंतच. वर आल्यावर होडीवाल्या काकांना माझं तोंड बघूनच सगळं कळलं. म्हणाले, "उधाणात इलास तर काय दिसतला?"

या एका वाक्याने जे शिकवलं, ते त्याआधी चाळलेल्या 'जगातल्या दहा सुंदर जागा' छापाच्या याद्यांनी शिकवलं नव्हतं. त्या याद्यांत जागेचं नाव असतं आणि फोटो असतो. तो फोटो कोणत्या महिन्यात, कोणत्या भरतीला आणि किती अनुभव असलेल्या माणसाने काढला, ते नसतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. जागेचं नाव शेवटून तिसरं येईल.

पहिली पायरी : आपण नेमकं काय करणार आहोत?

'स्कूबा करायचा आहे' असं म्हणणारे लोक दोन वेगळ्या गोष्टी मागत असतात.

एक म्हणजे अनुभवाची डुबकी. सेंटरवाले याला 'डीएसडी' (डिस्कव्हर स्कूबा डायव्हिंग) किंवा 'ट्राय डाइव्ह' म्हणतात. थोडी माहिती, उथळ पाण्यात सराव, मग इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून खाली नेतो. खोलीची मर्यादा १२ मीटर, आणि बहुतेक वेळा त्याच्या निम्म्यावरच काम भागतं. पोहता येत नसलं तरी चालतं. पाण्यात तोंड घालायची भीती नसावी, एवढंच.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रमाणपत्राचा कोर्स. पाडी किंवा एसएसआय या संस्थांचा 'ओपन वॉटर'. साधारण तीन-चार दिवस, त्यात समुद्रातल्या चार डुबक्या, आणि हातात असं कार्ड की जगात कुठेही १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरता येतं. वयाची दहा वर्षं पूर्ण हवीत. इथे मात्र पोहता आलंच पाहिजे : पाडीच्या कोर्सला २०० मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं तरंगून राहणं. वेळेची अट नसते, कोणती स्टाइल तेही कुणी विचारत नाही. गावच्या विहिरीत पाठीला पांगारा बांधून शिकलेलं पोहणंही चालतं. पुढचा 'ॲडव्हान्स्ड'चा कोर्स केला की ३० मीटर. हौशी डायव्हिंगची शेवटची रेघ ४० मीटरवर आहे.

अनुभवाची डुबकीच घ्यायची असेल तर त्यासाठी इंडोनेशियाचं तिकीट काढू नका. १२ मीटरच्या आत, कुणाचा तरी हात धरून वीस-पंचवीस मिनिटं जे दिसायचं ते अंदमानलाही भरपूर दिसतं. उलट परदेशी आठवडाभर जाणारच असाल तर कोर्सचे तीन दिवस त्यातच बसवा. त्यातही एक युक्ती : थिअरी आणि स्विमिंग पूलचा भाग इथे मुंबई-पुण्यातच उरकायचा आणि समुद्रातल्या चार डुबक्या तिकडे करायच्या. याला 'रेफरल' म्हणतात. सुट्टीतला दीड-दोन दिवस वर्गात बसण्यातून वाचतो.

या पायरीवरच वैद्यकीय प्रश्नावली वाचून घ्या. दमा, हृदयाचा त्रास, कानाची शस्त्रक्रिया, फिट येणं यांतल्या एकाला जरी 'हो' असेल तर डॉक्टरांची सही लागते. पैसे भरून, बोटीपाशी उभं राहून 'सगळ्याला नाही लिहा हो' असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

दुसरी पायरी : आपल्या सुट्टीचा महिना

ही सगळ्यात मोठी पायरी आहे. आपल्या सुट्ट्या ठरलेल्या : दिवाळी, नाताळ, मुलांची मे महिन्याची सुट्टी, क्वचित गणपतीनंतरचे चार दिवस. समुद्राचं वेळापत्रक वेगळं असतं. दोन्ही एकावर एक ठेवून बघायचं.

जून ते सप्टेंबर आपली पश्चिम किनारपट्टी बंद असते. तारकर्ली, गोवा, कर्नाटकातलं मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, लक्षद्वीप, कुठेच नाही. नारळी पौर्णिमेला कोळी होड्या घालतात, पण पाणी निवळायला पुढे बरेच आठवडे जातात. म्हणून ऑक्टोबरमध्ये बोटी सुरू झाल्या तरी मालवण-नेत्राणीची खरी नजर डिसेंबर ते फेब्रुवारीत. नजर म्हणजे पाण्यात किती लांबचं दिसतं ते. डायव्हर लोक 'व्हिझिबिलिटी' किंवा नुसतं 'व्हिझ' म्हणतात.

याच पावसाळ्यात बालीचा कोरडा हंगाम असतो. जुलै ते ऑक्टोबरमध्ये तिथल्या नुसा पेनिडा बेटापाशी मोला मोला नावाचा, बैलगाडीच्या चाकासारखा दिसणारा प्रचंड मासा खोलातून वर येतो. तो येतो कारण खालचं थंड पाणी वर येतं. म्हणजे मासा बघायचा तर कुडकुडायची तयारी हवी, आणि तिथल्या प्रवाहाचीही. नवख्याने मोलाच्या मागे लागू नये. बालीतच दुसरी सोपी जागा आहे, तिच्याकडे पुढे येतो.

दिवाळीत तांबडा समुद्र उत्तम. इजिप्तचा उन्हाळा ओसरलेला, पाणी अजून उबदार. अंदमानचा हंगाम याच सुमारास सुरू होतो, पण सुरुवातीला पाऊस गाठू शकतो. थायलंडमध्ये मात्र फसगत होते, कारण त्या देशाला दोन समुद्र आहेत आणि दोघांचे हंगाम वेगळे. नोव्हेंबरमध्ये आखाताच्या बाजूला, म्हणजे को ताओला, पाऊस झोडपत असतो आणि तेव्हाच अंदमान समुद्राच्या बाजूची सिमिलन बेटं नुकतीच उघडलेली असतात. सिमिलन राष्ट्रीय उद्यान दरवर्षी साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात. 'थायलंडला जाऊ' हे म्हणूनच अर्धंच वाक्य आहे.

नाताळ ते मार्च आपल्याकडचा सुवर्णकाळ : मालवण, नेत्राणी, अंदमान, लक्षद्वीप, मालदीव, सिमिलन. गर्दी आणि भावही तेव्हाच चढतात. मे महिन्यात अंदमान पंधरा-वीस तारखेपर्यंत चालतं, मग आभाळाचा भरवसा नाही. तांबडा समुद्र आणि को ताओ मेमध्ये चांगले.

महिना ठरला की पंचांग काढा. थट्टा नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जास्त चढतं-उतरतं, ओढ वाढते, तळाचा गाळ वर येतो. अष्टमीपासून दशमीपर्यंत भांगाची भरती, पाणी शांत. मालवण-गोव्यासारख्या मुळात गढूळ किनाऱ्यावर या दोन दिवसांतला फरक डोळ्यांना कळतो. कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला हे सांगावं लागत नाही. मी शहरात वाढल्यामुळे मला मात्र सांगावं लागलं.

तिसरी पायरी : पाण्याला चार प्रश्न

एखाद्या जागेचं नाव समोर आलं की चार गोष्टी विचारा : ओढ किती, नजर किती, गारठा किती, खोली किती.

नवख्यासाठी यातली ओढ सगळ्यात महत्त्वाची. गढूळ पाण्यात फार तर काही दिसत नाही, पण ओढीत माणूस घाबरतो, हातपाय मारतो, श्वास वाढतो आणि चाळीस मिनिटांची हवा वीस मिनिटांत संपते. इंडोनेशियातलं कोमोडो, मालदीवमधल्या दोन प्रवाळकड्यांमधल्या खिंडी, मलेशियातलं सिपादान या जागांना जगभरातून लोक येतात ते याच ओढीसाठी, कारण ओढ असते तिथे अन्न येतं आणि अन्नामागे शार्क. पहिल्या दहा डुबक्यांत तिथे जाऊ नका.

गारठ्याबद्दल आपण लोक हटकून चुकतो. २७ अंशांचं पाणी ऐकायला उबदार वाटतं, पण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी पटीने लवकर ओढून घेतं. दुसऱ्या डुबकीनंतर दात वाजायला लागतात. तीन मिलिमीटरचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) मागून घ्या. तांबडा समुद्र हिवाळ्यात २२ अंशांच्या आसपास उतरतो, तिथे पाच मिलिमीटरचा लागतो.

खोलीचं गणित सोपं आहे. दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. पण हा बदल सगळ्यात जास्त जाणवतो तो पहिल्या १० मीटरांतच, कारण तिथे दाब एकदम दुप्पट होतो. कान दुखायला लागतात ते दोन-तीन मीटरवरच. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, आणि ती दुखायच्या आधी, दर मीटरला. दुखल्यावर जोर लावायचा नाही. थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी डुबकी रद्द. गोळी घेऊन उतरलात आणि तिचा परिणाम पाण्यातच संपला, तर वर येताना कान-सायनस अडकतात.

चौथी पायरी : आता नावं

मालवण-तारकर्ली : पहिली चव घ्यायला, भांगाचे दिवस बघून. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे व्यवस्थित कोर्स होतात. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव किंवा बिस्किटं चुरणारे काही जण किनाऱ्यावर भेटतील. व्हिडिओ छान येतो, पण माशांची सवय बिघडते. 'पाव नको' म्हणून आधीच सांगा. गोव्याच्या ग्रँड आयलंडचंही गणित थोडंफार असंच. नेत्राणी या दोघांपेक्षा स्वच्छ, पण बोटीचा प्रवास लांब. ज्यांना बोट लागते त्यांनी सकाळी रिकाम्या पोटी निघू नये आणि मिसळ खाऊनही निघू नये.

अंदमान : भारतात कोर्स करायचा तर माझं उत्तर हेच. स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. इथलं 'निमो रीफ' किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येईल असं आहे. कमरेइतक्या पाण्यात फिन्स चढवायचे आणि हळूहळू खोल होत जायचं. बोटीवरून पाठीमागे उलटं पडण्याचा प्रसंग पहिल्याच दिवशी येत नाही, आणि भित्र्या माणसासाठी (म्हणजे माझ्यासारख्या) हे फार मोठं आहे. कार्ड हाती आल्यावर बोटीने जायच्या जागा आहेत. 'डिक्सन्स पिनॅकल' मात्र खोल आहे, ते ॲडव्हान्स्डनंतर. उथळ भागातलं प्रवाळ २०१० च्या उष्ण पाण्यात बरंच पांढरं पडलं होतं, त्यामुळे जुन्या फोटोंसारखे रंग सगळीकडे मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. मासे भरपूर आहेत.

को ताओ : एकवीस चौरस किलोमीटरचं बेट आणि त्यावर डाइव्ह सेंटरांची रांग. स्पर्धेमुळे कोर्स स्वस्त, शांत उथळ खाड्या, जगभरची तरुण मंडळी. तोटा हाच की गर्दीच्या दिवशी एकाच खडकावर पाच बोटी उभ्या असतात. फक्त कार्ड मिळवायचं असेल तर उत्तम.

तुलांबेन, बाली : ज्या सोप्या जागेकडे येतो म्हणालो ती ही, आणि माझी सगळ्यात लाडकी. 'लिबर्टी' नावाचं अमेरिकी मालवाहू जहाज ११ जानेवारी १९४२ ला जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जायबंदी झालं. ओढून आणून ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं. वीसेक वर्षं ते तिथेच वाळूवर पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला आणि त्या हादऱ्यांनी जहाज घसरून पाण्यात गेलं. आज त्याचा वरचा भाग पाचेक मीटरवर आहे आणि तळ तीस मीटरच्या आसपास. म्हणजे एकाच जहाजावर नवखा आणि जुना खेळाडू दोघेही आपापल्या उंचीवर फिरू शकतात, आणि तेही बोटीविना.

किनारा मात्र वाळूचा नाही, काळ्या गोट्यांचा आहे. लाटेबरोबर ते पायाखाली घरंगळतात आणि पाठीवर सिलिंडर असताना तोल सांभाळणं हे त्या डुबकीतलं खरं अवघड काम. तिथल्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून सिलिंडर वाहून नेतात, त्याच गोट्यांवरून, साध्या चपला घालून. मी दोन्ही हात पसरून सर्कशीतल्या तारेवरच्या माणसासारखा चाललो होतो. शेजारून एक मावशी डोक्यावर एक सिलिंडर आणि खांद्यावर दुसऱ्याचं सामान घेऊन माझ्या पुढे निघून गेल्या. कडक तळव्यांचे बूट नक्की घ्या, आणि शक्य तर सकाळी लवकर उतरा. दहानंतर दिवसाच्या सहलीच्या गाड्या येतात.

तांबडा समुद्र, इजिप्त : नजर बहुतेक दिवशी वीस मीटरच्या पुढे, किनाऱ्याला लागून प्रवाळ, भाव युरोपातल्या पर्यटकांना परवडतील असे आणि म्हणून आपल्यालाही फार जड नाहीत. दाहाब किंवा हुरघाडा कोर्ससाठी चांगलं. पाणी जास्त खारं असल्यामुळे अंग जास्त तरंगतं, कमरेला एक-दोन किलो वजन जास्त लागतं. पहिल्या डुबकीआधी वजनाची चाचणी मागून घ्या. इथलं 'थिसलगॉर्म' हे ब्रिटिश जहाज ६ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन विमानांनी बुडवलं. त्याच्या पोटात मोटारसायकली, ट्रक, बूट अजून रांगेत आहेत. पण ते ३० मीटरवर आहे आणि ओढ असते. त्याला दुसऱ्या फेरीत भेटा. दाहाबच्या 'ब्लू होल'च्या काठावर तिथे मेलेल्या डायव्हरांच्या नावांचे फलक आहेत. पन्नास मीटरच्याही खाली असलेल्या कमानीच्या मोहाने बरेच जण गेले. वरच्या काठाने पोहा, खाली बघा आणि परत या.

मालदीव : आपल्याला जवळचं, विमानतळावर मोफत व्हिसा. रिसॉर्टचे भाव बघून घाबरू नका, स्थानिक बेटांवर साधी गेस्ट हाउस आहेत. दक्षिण आरी प्रवाळद्वीपाकडे देवमुशी (व्हेल शार्क) वर्षभर दिसतो. बा प्रवाळद्वीपातल्या हनिफारू खाडीत पावसाळ्याच्या महिन्यांत मांटा नावाचे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे मासे थव्याने येतात, पण तिथे सिलिंडर लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल, म्हणजे तोंडात श्वासाची नळी धरून वरवर पोहणं. पोहता येतं पण स्कूबाची भीती वाटते अशा घरच्या माणसाला सोबत न्यायला ही जागा झकास. स्थानिक बेटांवर दारू मिळत नाही आणि पोहण्याचे कपडे ठरलेल्या किनाऱ्यावरच चालतात.

काही नावं यादीत असतात पण पहिल्या-दुसऱ्या सहलीसाठी नाहीत. बेलीझचं ग्रेट ब्लू होल आकाशातून अप्रतिम दिसतं. पाण्यातली त्याची गंमत, दगडी झुंबरं, ती चाळीस मीटरच्या आसपास. आइसलँडचं सिल्फ्रा दोन भूपट्टांमधल्या भेगेत आहे, नजर शंभर मीटर, पण पाणी २ ते ४ अंश आणि ड्रायसूटचा, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या पोशाखाचा, अनुभव लागतो. गॅलापागोस, राजा आम्पात : पन्नासेक डुबक्या खात्यावर पडू द्या.

पाचवी पायरी : सेंटरला फोन

जागा चांगली आणि सेंटर वाईट, यापेक्षा जागा बरी आणि सेंटर चांगलं हे केव्हाही बरं. फोनवर विचारायचे प्रश्न : एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? अनुभवाच्या डुबकीला दोनपेक्षा जास्त असतील तर मी दुसरीकडे जातो. बोटीवर ऑक्सिजन असतो का? जवळचं रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे दाब एकदम कमी झाल्याने होणाऱ्या त्रासावर उपचार करायची दाबाची खोली, कुठे? नजर वाईट असली तर डुबकी रद्द करता की नेता? या शेवटच्या प्रश्नाला 'रद्द करतो, पैसे परत किंवा दुसरा दिवस' असं उत्तर आलं की अर्धा विश्वास बसतो. मीही कोजागिरीच्या त्या सकाळी हा प्रश्न विचारला असता, तर भांगाच्या दिवसांपर्यंत थांबलो असतो.

विमाही बघा. बऱ्याच प्रवास-पॉलिसींत स्कूबा वगळलेला असतो किंवा खोलीची अट असते. 'डॅन' (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) सारख्या संस्थांचा खास डायव्हरांचा विमा वेगळा मिळतो.

सहावी पायरी : परतीचं विमान

तिकीट काढताना हे आधी बघायचं असतं आणि सगळे शेवटी बघतात. पाण्याखाली दाबामुळे रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. गोटी सोड्याची बाटली एकदम फोडली की जे होतं, तेच दाब एकदम कमी झाल्यावर अंगात होऊ शकतं. विमानाच्या केबिनमध्ये दाब जमिनीपेक्षा कमीच असतो. म्हणून एकच डुबकी असेल तर उड्डाणाआधी निदान १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा सलग दिवसांच्या असतील तर निदान १८ तास थांबायचं. मी सरळ २४ धरतो, हिशोब करावा लागत नाही. हाच नियम घाटाला : नेत्राणीहून किंवा मालवणहून दुपारची डुबकी करून लगेच गाडीने घाट चढू नका.

अंदमानला यावर सोपा तोडगा आहे. शेवटची डुबकी सकाळी, दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला. दुसरा पूर्ण दिवस सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम. तिसऱ्या दिवशी विमान. तोवर वेटसूटही वाळलेला असतो.